मिस्त्रींची नळी

“दादा, हे मशीन कधी पडलं होतं का?” मिस्त्रींनी सहज विचारलं आणि मी गप्प.

किचनच्या टाईल्ससाठी हौसेने आणलेली लेझर लेव्हल (भिंतीवर सरळ आडवी-उभी रेघ टाकणारं मशीन) लावली होती, 12 लाईनवाली, चारही बाजूंना रेघ टाकणारी, हिरवी रेघ, एकदम झकास. मिस्त्रींनी कौतुकाने बघितलं आणि पिशवीतून पाण्याची नळी काढली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक माझ्या हातात, दुसरं समोरच्या भिंतीला. नळीतलं पाणी आणि मशीनची रेघ यांच्यात 4 मीटरमध्ये चक्क 5 मिलीमीटरचा फरक! बॉक्सवर तर फरक 10 मीटरला 3 मिलीमीटर लिहिलाय.

पडलं होतं ना. गेल्या रविवारी, स्टुलावरून. लाईट लागतोय म्हणजे ठीक आहे असं धरून चाललो होतो.

घेताना तीन दिवस काय बघितलं, तर लाईनी किती, लाल की हिरवी (हिरवी उजेडात जास्त दिसते हे खरंय), बॅटरी किती चालते. पण समोरच्या भिंतीवर खूण करायची, मशीन जागच्या जागी 180 अंश फिरवायचं आणि मागच्या बाजूची रेघ त्याच खुणेवर येते का बघायचं, एवढं दोन मिनिटांचं काम काही केलं नाही.

टाईल्स शेवटी नळीवरच लागल्या. तुमच्याकडे लेझर लेव्हल असेल तर कधी चेक केलीय का?