कंपोस्ट टी ब्रुअर घरी बनवला त्याचा अनुभव

कंपोस्ट टी ब्रुअर, म्हणजे पाण्यात कंपोस्ट भिजवून त्यात हवा सोडत झाडांसाठी पातळ खत तयार करायची बादली, बनवायची म्हटलं की सगळे कंपोस्ट किती आणि मोलॅसिस (उसाची मळी) किती यावरच वाद घालत बसतात, हवेच्या पंपाकडे कोणी बघतच नाही. मी उलटं केलं, आधी पंप ठरवला आणि मग त्याला झेपेल तेवढंच पाणी घेतलं. बादली 20 लिटरची, पण पाणी 15 लिटरच, कारण फेस वर येतो आणि बाहेर सांडतो. पंप मिनिटाला 10 लिटरच्या आसपास हवा देणारा. खोक्यावरचा आकडा उघड्यावरचा असतो हां, नळी पाण्यात खोल गेली की हवा कमी येते, त्यामुळे थोडा मोठाच घेतलेला बरा.

सुरुवातीला एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे सच्छिद्र दगड) लावले होते, बुडबुडे बारीक येतात आणि दिसायला मस्त, पण त्यांच्या छिद्रांत बुळबुळीत थर बसतो तो काही केल्या निघत नाही आणि पुढच्या वेळी हवाच निम्मी येते. म्हणून मग एअरलिफ्ट केला. एक इंची पीव्हीसी पाइप बादलीत उभा, खालचं तोंड तळापासून दोन बोटं वर, वरती एल्बो, त्याचं तोंड पाण्याच्या जेमतेम वर. तळाजवळ पाइपला भोक पाडून हवेची नळी आत घातली. हवा शिरली की पाइपातलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि एल्बोमधून भदाभदा बादलीत पडतं, खालून नवीन ओढलं जातं, म्हणजे तळाशी गाळ साचून सडायला वावच राहत नाही. भोक नळीपेक्षा किंचित बारीक पाडायचं आणि नळीचं टोक तिरकं कापून आतून ओढून घ्यायचं, अशी घट्ट बसते की गम-बिम काही लागत नाही.

पंप बादलीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. उंच जागा नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरिन नुसता पंप रात्रभर चालवला तरी उडून जातं. क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही, त्याला व्हिटॅमिन सी टाकावं लागतं. मग जाळीच्या पिशवीत अर्धा लिटर मापाचं गांडूळखत आणि मोलॅसिस दोन टेबलस्पून, बास. मोलॅसिस वाढवलं की जीवाणू इतक्या झपाट्याने वाढतात की पंप कितीही जोरात चालू असला तरी ऑक्सिजन पुरत नाही. तो लिटरला 6 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये म्हणतात. 20 अंशाच्या पाण्यात मुळात 9 च्या आसपास मावतो, 30 अंशाला साडेसातच, म्हणजे उन्हाळ्यात हाताशी फारसं काही उरतच नाही, तेव्हा मी मोलॅसिस निम्मं करतो आणि बादली सावलीत ठेवतो.

24 ते 36 तासांत तयार होतं. फेस किती आला यावर जाऊ नका, तो मोलॅसिसमुळेही येतो. वास घ्या. ओल्या मातीसारखा आला तर ठीक, आंबट किंवा गटारासारखा आला तर सरळ ओतून द्या, झाडांना घालू नका. पंप बंद केला की चार-पाच तासांत वापरून टाकायचं, बाटलीत भरून ठेवायची वस्तू नाही ही.

रोग जातात, कीड जाते असले दावे मी तरी करणार नाही, त्यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. कंपोस्ट कमी आणि कुंड्या जास्त असतील तर ते पुरवून वापरता येतं, मला तेवढं पुरे आहे. पालेभाजीवर मात्र फवारत नाही, मुळाशीच ओततो, कारण कंपोस्ट नीट कुजलेलं नसेल तर ई. कोलायसुद्धा (पोट बिघडवू शकणारा जीवाणू) त्याच बादलीत वाढू शकतो. आणि वापरून झालं की लगेच पाइप काढून ब्रशने घासायचा, थर वाळला की निघता निघत नाही.