आभाराचं पान

लागलं मला. लागायला नको होतं, एवढ्याशा गोष्टीचं काय लावून घ्यायचं, पण दुपारपासून तेच डोक्यात फिरतंय म्हणून शेवटी लिहायला बसले.

झालं असं की फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट आलेत. खरं तर रिपोर्ट माझ्याकडे यायचं काही कारण नाही, मी कॉलेजातली अॅडव्हायझर, कोणी कुठले विषय घ्यायचे, अडकले तर काय करायचं हे बघणारी, त्यामुळे माझ्याकडे येतो तो क्रेडिटचा (म्हणजे प्रत्येक विषयाच्या ठरलेल्या वजनाचा) हिशोब, कोणाचे पूर्ण झाले, कोणाचे अडकलेत, कोणाचं नाव पदवीच्या यादीत घालायचं. पण ऑफिसने अख्खा गठ्ठाच पाठवला आणि दुसऱ्या वर्षी माझ्याकडे येऊन गेलेल्या एका मुलीचा रिपोर्ट अगदी वर होता. मग काय, आपण सगळे जे करतो तेच केलं, आधी आभाराचं पान उघडलं. गाईड आहेत. एचओडी आहेत (ते असतातच, त्यांनी काही केलेलं असो नसो). लॅबमधले मामा आहेत, रूममेट्स आहेत, आईबाबा, धाकटा भाऊ, हॉस्टेलच्या जिन्यात बसणारं मांजर आहे, नावासकट. आणि एक सीनियर आहे, 'ज्याने दुसऱ्या वर्षी मला शिक्षण अर्धवट सोडण्यापासून परावृत्त केलं'.

मी नाही.

पान उलटून बघितलं, म्हटलं न जाणो, मागे असेल. मागे अनुक्रमणिका.

आता मला माहितीये की आभार हवे म्हणून कोणी हे काम करत नाही. मी हे वाक्य स्वतःला आज इतक्या वेळा ऐकवलंय की ते खोटं वाटायला लागलंय. हवे असतात. थोडेसे हवे असतात. मांजराच्या खाली चाललं असतं.

दुसऱ्या वर्षी ती आली होती तेव्हा तिच्या हातात प्रवेश रद्द करायचा फॉर्म होता, भरलेला, तारखेसकट, फक्त अॅडव्हायझरची सही बाकी. "मॅम, सहीच हवीये फक्त." म्हटलं बस आधी. बसली, पण बॅग मांडीवरच, उठायच्या तयारीत. का सोडतेयस विचारलं तर म्हणाली माझा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) आता कधीच वर येणार नाही, मी खूप विचार केलाय. पोरं 'खूप विचार केलाय' म्हणतात तेव्हा बहुतेकदा हिशोब केलेला नसतो, रात्रभर जागून भीती वाढवलेली असते, हे एक या खुर्चीत बसून कळतं. मग मी कागद ओढला. तीन सेमिस्टर झालेली, ६० क्रेडिट, सीजीपीए ५.८. तिला हवा होता ६.५, कारण पुढे जिथे जायचं मनात होतं तिथली अट तेवढी. १६० क्रेडिटची डिग्री, म्हणजे १६० गुणिले ६.५, एकूण १०४० पॉइंट लागतात, त्यातले ३४८ आधीच हातात, उरले ६९२, आणि उरलेली क्रेडिट १००. म्हणजे इथून पुढे सरासरी ६.९२. मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद तिच्याकडे फिरवला.

ती म्हणाली, "एवढंच?"

तिला वाटत होतं नऊच्या वर लागेल. कुठून आला तो नऊ काय माहीत. पण त्या नऊच्या जोरावर तिने फॉर्म भरला होता.

एवढ्याने सुटलं असतं तर काय हवं होतं. त्या सेमिस्टरला गणिताचा दुसरा पेपर बुडणार हे तिलाही दिसत होतं आणि मलाही, त्या पेपरवर तिसऱ्या वर्षाचे तीन विषय अडकलेले, तो पास नाही तर ते घेताच येत नाहीत. लोकांना वाटतं एक विषय राहिला म्हणजे एक विषय राहिला, पण त्याच्या मागे रांग असते आणि ती रांग कोर्सच्या माहितीपुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेली असते, जी पहिल्या वर्षाचं कोणीही वाचत नाही आणि मी त्यांना दोष देत नाही, मलाही पगार मिळत नसता तर वाचली नसती. तर दोन वाटा होत्या. तसंच रेटायचं आणि एफ पडला तर चार क्रेडिटना शून्य, ते शून्य सरासरीत धरलं जातं, मग ६.९२ चे साधारण ७.२ होतात. किंवा शेवटच्या तारखेच्या आत विषय काढून घ्यायचा, मार्कशीटवर डब्ल्यू, म्हणजे विषय मागे घेतल्याची खूण, दिसतो, सरासरीला धक्का नाही, पण मग उन्हाळी सत्रात बसायचं, नाहीतर रांग वर्षभर मागे सरकते. हे सगळं मी मांडलं. आणि मग गप्प बसले. हा गप्प बसायचा भाग सगळ्यात अवघड असतो, कारण उत्तर जिभेवर असतं.

झोप लागते का तेही विचारलं होतं. त्याचं उत्तर इथे लिहिणार नाही. समुपदेशकांच्या खोलीपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले एवढंच.

फॉर्म तिने माझ्यासमोर फाडला वगैरे नाही, सिनेमात फाडतात. घडी करून बॅगेत ठेवला. दोन दिवसांनी गणित काढून टाकल्याचा अर्ज आला, उन्हाळी सत्रात ती बसली, पास झाली, तिसऱ्या वर्षाचे तिन्ही विषय वेळेवर. आणि आता हा रिपोर्ट, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा.

तर त्या सीनियरचं. त्याला मी ओळखते, चांगला मुलगा आहे, त्याने तिला नक्कीच समजावलं असेल, मी नाही म्हणत नाहीये. तोही याच खुर्चीत बसून गेलाय आणि त्यालाही असाच एक कागद... जाऊदे.

संध्याकाळी बाजूच्या केबिनमधल्या मैत्रिणीला जाऊन सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अगं तू मांजरावर जळतेयस." जळतेय. त्यात काय. मांजराने एकही डेडलाइन सांभाळलेली नाही.

मला राग नक्की कसला आलाय ते मी शोधतेय. तिचा नाही. म्हणजे थोडा तिचाही. पण जास्त याचा की गाईडने केलं ते दिसतं, चॅप्टर तीन सुधारला तर चॅप्टर तीन समोर असतो. मी जे केलं ते म्हणजे एक वर्ष वाया गेलं नाही, आणि न गेलेलं वर्ष मार्कशीटवर छापत नाहीत. ते कुठे दाखवणार? वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे 'किती विद्यार्थ्यांना भेटलात' असा रकाना आहे, त्यात ती एक भेट आणि दहा मिनिटांत सही घेऊन गेलेला मुलगा यांची किंमत सारखीच, एक आणि एक.

गेल्या वर्षी ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हाचे कागद काढून बसले मघाशी, उगाच. त्यात क्रुकस्टनचं आहे. १९७२ मध्ये या माणसाने अॅडव्हायझिंगचे दोन प्रकार मांडले, एक सांगणारा, म्हणजे डॉक्टर आणि पेशंटसारखा, तुम्ही औषध लिहून द्यायचं आणि त्याने ते घ्यायचं, आणि दुसरा घडवणारा, ज्यात दोघांनी मिळून विचार करायचा, जबाबदारी वाटून घ्यायची, हेही शिकवणंच आहे असं मानायचं. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, दुसराच बरोबर, अर्थात दुसराच. मीही. आज वाचताना मात्र लक्षात आलं की याच्या खालची बारीक अक्षरातली अट कोणी सांगितलीच नाही. पेशंट डॉक्टरचं नाव घेतो, कारण औषध डॉक्टरने दिलेलं असतं. पण जिला आपण निर्णयापर्यंत नुसतं चालू दिलं, ती म्हणणार मी ठरवलं. तिला तसं वाटावं म्हणूनच तर मी जीभ आवरून बसले होते. मग आता ती म्हणतेय की मी ठरवलं आणि मित्राने धीर दिला, तर यात चुकलं काय तिचं? काहीच नाही. चिडचिड होते ती याचीच की काहीच चुकलेलं नाही. निदान कृतघ्न असती तर नीट रागावता आलं असतं.

त्याच वर्षी ओबॅनियन नावाच्या माणसाने अॅडव्हायझिंगच्या पायऱ्या मांडल्या त्याही कागदात आहेत: आधी आयुष्यात काय हवंय, मग कुठलं काम, मग कुठली शाखा, मग कुठले विषय, आणि सगळ्यात शेवटी टाइमटेबल. फार छान. माझ्याकडे प्रत्येक जण शेवटच्या पायरीवरून येतो. "मॅम मंगळवारचे दोन तास क्लॅश होतायत." तिथून हळूहळू वर चढत चढत कधीतरी कळतं की त्याला मंगळवारचा विषयच नकोय, मग कळतं शाखाच नकोय, मग कळतं घरी हे सांगायचंय कसं याचा घोर आहे. आणि कधीकधी खरंच नुसता मंगळवारच असतो, तेव्हा मी उगाच आयुष्याबद्दल विचारत बसले तर तो माझ्याकडे असा बघतो की मीच मदत मागायला आलेय.

वाचता वाचता अजून एक. हे काम मुळात जन्मालाच आलं ते निवडीमुळे. आधी सगळ्यांना ठरलेले विषय, कोणाला काय विचारायचं? मग अमेरिकेत हार्वर्डमध्ये १८६९ पासून तिथले अध्यक्ष एलियट यांनी ऐच्छिक विषयांचं दार उघडत नेलं, तिकडे १८७६ ला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पहिले अध्यक्ष गिलमन यांच्या काळात प्राध्यापकांनाच विद्यार्थ्यांचे सल्लागार नेमायला सुरुवात झाली. निवड आली, पाठोपाठ गोंधळ आला, आणि गोंधळाच्या पाठोपाठ आम्ही. त्या पहिल्या सल्लागार प्राध्यापकांचे आभार कोणी मानले होते का ते कागदात नाही. बघितलं मी.

आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं तर आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ झालंय, प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी काढतंच. २०१२ पासून त्यांची सिस्टीम प्रत्येक विद्यार्थ्यावर ८०० च्या वर धोक्याच्या खुणांसाठी नजर ठेवते, चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच कोर्सला कमी मार्क पडले, की अॅडव्हायझरला अलर्ट. मीटिंगमध्ये लोक सॉफ्टवेअरपाशी थांबतात. पुढचं वाक्य कोणी वाचत नाही, की त्यांनी त्याबरोबर अॅडव्हायझरही भरले, एका माणसामागे साधारण ३०० विद्यार्थी येतील इतके, कारण अलर्ट आल्यावर फोन उचलायला कोणीतरी लागतं. आमच्याकडचं प्रमाण विचारू नका. आणि त्या ८०० खुणांचंही नाव कुणाच्या रिपोर्टात नसणार, तेवढाच दिलासा.

बरं वाटतंय का आता? थोडं. हसू येतंय हे खरं. मी स्वतःच्या डिग्रीच्या वेळी कोणाकोणाचे आभार मानले होते आठवून बघितलं, ती यादी काही मी इथे देत नाही.

तर मुद्दा बाजूलाच राहिला. रडून झाल्यावर रिपोर्ट बाजूला ठेवून तिचा क्रेडिटचा हिशोब उघडला, कारण सही तर करायचीच होती. १६० पैकी १६० दिसतायत, सीजीपीए ६.७, म्हणजे तिला हव्या असलेल्या ६.५ च्याही वर गेली पोरगी, आणि हे बघून मला जे झालं ते लिहायला मला आज मूड नाही. पण ओपन इलेक्टिव्हच्या (आवडीने निवडायच्या विषयांच्या) रकान्यात दोन क्रेडिट कमी. म्हटलं असं कसं. खाली खाली जाऊन बघितलं तर तिसऱ्या वर्षीचा दोन क्रेडिटचा विषय सिस्टीमने मायनरमध्ये, म्हणजे जोडविषयात, धरलाय, जिथे त्याची गरजच नाही, तिथे दोन जास्त आहेत. बेरीज बरोबर, खाना चुकला. बेरीज बरोबर असल्यामुळे हे कोणालाच दिसलं नसतं, तिलाही नाही, आणि यादी शुक्रवारी बंद होते, त्यानंतर पुढच्या पदवीदानापर्यंत थांबा. फॉर्म आहे त्याचा एक, तिची सही, विभागाची सही, माझी सही, या क्रमानेच, उलट चालत नाही.

एक क्षण, अगदी एकच, वाटलं की सांगू दे ना आता त्या सीनियरला.

मग मेल लिहिला. विषय: पदवीच्या यादीबाबत, तातडीचे. काळजीचं काही नाही हे पहिल्या ओळीत टाकलं, फॉर्म जोडला, कुठे कोणाची सही ते पिवळं करून दिलं, विभागातले सर बुधवारी नसतात तेव्हा मंगळवारीच गाठ म्हणून सांगितलं. आत्ता दीड वाजलाय. सकाळी आठला जाईल असा लावून ठेवलाय, रात्री दीडला अॅडव्हायझरचा मेल दिसला की पोरं 'काळजीचं काही नाही' वाचायच्या आधीच घाबरतात.