बेल्व्हे ते मोंपाझिए: बाजारमंडप पाहायचे असतील तर आधी वार पाहा

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातले जुने बाजारमंडप 'कोणत्याही दिवशी पाहता येतात', या पर्यटन पुस्तिकेतल्या वाक्यावर विसंबून कोणीही निघू नये. मंडपाला भिंतीच नसल्याने तो सदैव उघडा असतो हे खरे; पण बाजार नसेल त्या दिवशी तिथे लाकडी खांब, कौलारू छप्पर आणि सावली यांपलीकडे काहीही नसते. मोंपाझिएचा बाजार गुरुवारी सकाळी भरतो, बेल्व्हेचा शनिवारी, आणि दुपारी एकपर्यंत आवराआवर झालेली असते.

बेल्व्हेपर्यंत रेल्वे आहे, मोंपाझिएला नाही. मधले सुमारे 16 किलोमीटर मला मुक्कामाच्या ठिकाणी 'दोन तासांची सोपी वाट' म्हणून सांगण्यात आले. पाठीवर सामान असेल तर चालण्याचा सराव असलेल्यालाही चार तास लागतात. रस्ता अरुंद आहे, कडेला पाऊल टाकायला जागा नाही आणि वळणावर लाकूड भरलेला ट्रक आला की गवतात उतरून उभे राहावे लागते. या डांबरी रस्त्याने पायी जाऊच नये, हे माझे ठाम मत आहे. टॅक्सीचेही भान ठेवावे: ती रिकामी परतणार असेल तर मीटर चढ्या दराने पडतो, रात्री आणि रविवारी त्याहूनही अधिक. हे नियमाला धरून असले तरी बसण्यापूर्वी मला कोणी सांगितले नाही, आणि परतताना मोजलेले भाडे मला आजही खटकते. भाडे आधी ठरवून बुधवारी संध्याकाळीच मोंपाझिए गाठावे.

कारण गुरुवारची सकाळ या सगळ्या त्रासाची भरपाई करते. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1284 मध्ये वसवलेल्या या गावाचा सारा आराखडाच चौकाभोवती आखलेला आहे, आणि मंडपाखाली धान्य मोजण्याची जुनी मापे अजून जागेवर आहेत. माप वरून भरायचे आणि धान्य खालून पोत्यात सोडायचे. सर्वांदेखत एकाच मापाने मोजल्यावर तक्रारीला जागा उरत नसे आणि करही तिथेच ठरे. बाजूला अक्रोड आणि बकरीचे चीज मांडलेले असताना त्या मापांच्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला, तेव्हा मंडप गावासाठी काय होता हे मला खरोखर कळले.

बेल्व्हेच्या मंडपात एका खांबाला गुन्हेगारांना बांधण्याची साखळी आहे. ती नक्की पाहावी. तिथले स्टेशन मात्र दरीत आणि गाव टेकडीवर आहे, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी चढ-उतारासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.