स्पॅनिश शिकताय? मग इंग्रजी जरा बाजूला ठेवा

इंदूरला माझ्या ओळखीत स्पॅनिश शिकणारी पोरं वाढलीयेत, कोणाला नोकरीसाठी हवंय, कोणाला ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगच्या, मॅचची कॉमेंट्री कळायला हवीये, आणि सगळे शिकतात इंग्रजीतून कारण अ‍ॅप, व्हिडिओ, पुस्तकं सगळं इंग्रजीतच आहे. घरी मराठी बोलणारी ही पोरं मे गुस्ताला, म्हणजे 'मला आवडतं'ला, अडकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

अ‍ॅप सांगतं 'आय लाइक' म्हणायचं तर वाक्य उलटं करा. अरे पण उलटं कुठंय, आपण तेच तर बोलतो! मला जिलबी आवडते, मला पोहे आवडतात. जिलबी एकवचनी म्हणून आवडते, पोहे अनेकवचनी म्हणून आवडतात (इंदूरच्या छप्पन दुकानावर उभं राहून आपण 'पोहा'च मागतो ते सोडा, घरी पोहेच). तसंच मे गुस्ता एल काफे, पण मे गुस्तान लोस लिब्रोस. कॉफी एक, पुस्तकं अनेक, क्रियापद त्यांच्या मागे चाललं, मी आपली 'मला' होऊन बाजूला.

भूक लागली तर तेंगो आंब्रे, तहान लागली तर तेंगो सेद. इंग्रजीत माणूस भुकेला असतो, इथे भूक हे नाम आहे, आपल्यासारखंच, फक्त आपलं 'लागली' तिथे 'माझ्याकडे आहे' असं होतं.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. बुस्को उन लिब्रो म्हणजे मी पुस्तक शोधतेय, पण बुस्को आ मी एर्मानो म्हणजे मी भावाला शोधतेय. हा मधला 'आ' इंग्रजी पुस्तकांत वेगळा नियम म्हणून येतो, त्याला नाव, सूचना, सराव सगळं, आणि मराठी पोरगं तो पाठ करत बसतं! 'मी भाऊ शोधतेय' असं आपण कधी म्हणतो का, माणूस आला की 'ला' आपोआप लागतो. तोच हा 'आ'.

कप पडला तर से मे कायो ला तासा. माझ्या हातून कप पडला. मी पाडला नाही, हातून पडला, आणि ही सोय स्पॅनिशमध्येही रोजच्या बोलण्यात आहे, विसरलं तरी से मे ओल्बिदो.

तू म्हणजे चक्क तू, आणि मान द्यायला उस्तेद. अनेकांशी बोलताना स्पेनमध्ये घरच्यांना बोसोत्रोस, मेक्सिकोपासून चिलीपर्यंत सगळीकडे उस्तेदेस, म्हणून कुठल्या देशाचं स्पॅनिश हवंय ते आधीच ठरवा. उच्चारात त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून, इंग्रजीतला ट-ड अजिबात आणू नका.

आणि ज्या सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा वगैरे सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला, सगळे घाबरतात ना, त्याची किल्ली आपल्या विध्यर्थात आहे. कियेरो के बेंगास, तू यावंस असं मला वाटतं. ओहाला युएबा, पाऊस पडावा. यावंस, पडावा, हे 'वा' लहानपणापासून तोंडात बसलेत, इच्छा बोलायची असली की तेच येतात, तिथूनच सुरुवात करा, मग नियम वाचा. सगळीकडे जमत नाही हेही सांगते, 'तू येशील तेव्हा' यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो पण स्पॅनिशमध्ये तिथेही कुआंदो बेंगास.

सेर आणि एस्तार, म्हणजे 'असणे'साठीची दोन वेगळी क्रियापदं, ही जोडी मात्र मराठीतून पूर्ण सुटत नाही. एल येलो एस फ्रीओ, बर्फ थंड असतो, ला सोपा एस्ता फ्रीया, सूप थंड झालंय, इथपर्यंत छान जुळतं, पण इंदूर मध्य प्रदेशात आहे म्हणताना एस्तारचं 'एस्ता' लागतं आणि मी इंदूरची आहे म्हणताना सेरचं 'सोय', आपल्याकडे दोन्हीला आहेच. त्यामुळे या दोघांची वाक्यं मी वेगळ्या वहीत लिहून रोज मोठ्यानं वाचते.