उलट बाजूने कापलेली खिडकी

शनिवार, रात्री

नवं पातं असलं की माउंटबोर्ड (फ्रेममध्ये चित्राभोवती माउंट म्हणून बसतो तो जाड पुठ्ठा, मध्ये खिडकी कापलेला) कापताना आवाज जवळजवळ येतच नाही. बोथट व्हायला लागलं की आधी कानाला कळतं, बारीक खरखर सुरू होते. डोळ्यांना नंतर दिसतं: तिरक्या कापाच्या पांढऱ्या कडेवर लव उठलेली असते. आज काम अर्ध्यावर असतानाच पातं बदललं. काटकसर करायच्या जागा वेगळ्या, ही नव्हे.

माउंट मागच्या बाजूने कापायचा असतो, हे नवख्याला सांगितलं की तो चमकतो. पण त्यात दोन्ही सोयी आहेत. पेन्सिलीच्या रेषा मागेच राहतात, आणि पंचेचाळीस अंशांत तिरकं धरलेलं पातं मागच्या रेषेतून शिरून पुढे किंचित बाहेरच्या अंगाला निघतं, म्हणून समोरून ती पांढरी उतरती कड दिसते. याच तिरकेपणामुळे कोपरे छळतात. पुढची खिडकी मागच्या रेषेपेक्षा थोडी मोठी निघते, तेव्हा पातं रेषेवर थांबवून चालत नाही. साधारण बोर्डाच्या जाडीइतकं, म्हणजे दीडेक मिलिमीटर, पलीकडे न्यावं लागतं. कमी गेलं तर मधला तुकडा कोपऱ्यात अडकतो, जास्त गेलं तर समोरच्या बाजूला कापाची रेघ पुढे सरकलेली दिसते. तुकडा अडकला तर ओढायचा नाही. सुटं पातं त्याच उतारात सरकवून कोपरा मोकळा करायचा. खाली रद्दी बोर्डाचा तुकडा हवाच, पात्याचं टोक टेकायला काहीतरी घट्ट लागतं, नाहीतर पुढच्या बाजूचा कागद उचकटतो.

पण हे सगळं हाताचं काम, सवयीने जमतं. डोकं लागतं ते वस्तू आत कशी बसवायची यात. सध्या समोर एक न वापरलेलं पोस्टाचं तिकीट आहे, मागचा गोंद जसाच्या तसा. चित्राला माउंट बसवताना खिडकी चारी बाजूंनी तीनेक मिलिमीटर लहान ठेवतात, म्हणजे चित्राच्या कडा माउंटखाली दबतात. तिकिटाला तसं करणं म्हणजे त्याचे दाते झाकणं. संग्राहकाला तिकिटाची कड चित्राइतकीच बघायची असते. 1840 मधल्या पेनी ब्लॅकला, जगातल्या पहिल्या पोस्टाच्या तिकिटाला, तर दातेच नव्हते, पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा, आणि चारी बाजूंना कोरा कागद शिल्लक राहिलेला नमुना आजही जास्त मोलाचा ठरतो. म्हणून खिडकी तिकिटापेक्षा मोठी कापली, तिकीट मध्ये तरंगल्यासारखं.

मग ते धरून कशाने ठेवायचं? खळ नको, टेप तर अजिबातच नको. मूळ गोंदाला ओल लागली की त्या तिकिटाची अर्धी किंमत गेली. पॉलिएस्टरचे पारदर्शक कोपरे लावले, गोंद कोपऱ्यांना, तिकिटाला काहीच नाही. माझ्या मते सगळ्या फ्रेमिंगची कसोटी एवढीच: उद्या उघडून वस्तू बाहेर काढली तर ती आत गेली तशीच बाहेर यावी. काच चमकते की नाही, चौकट सागाची आहे की नाही, हे पुढचं.

शेजारची काडेपेटीची जुनी लेबलं वेगळी, त्यांच्या मागे जपण्यासारखा गोंद नाही. त्यांना जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी. हवा दमट झाली की कागद फुगतो, कोरडी झाली की आकसतो. चारी बाजूंनी जखडला तर त्याला लाटा येतात. पट्टी लेबलापेक्षा नाजूक हवी, कधी धक्का बसलाच तर फाटावी ती पट्टी.

रविवार

बोर्ड निवडताना रंगावर वेळ घालवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लेबलातला सगळ्यात भडक लाल रंग शोधून तसाच माउंट घ्यायचा, की मग बघणारा माउंटच बघतो. मी मळकट पांढरा घेते आणि लक्ष देते आतल्या गाभ्याकडे. स्वस्त बोर्डाचा गाभा लाकडी लगद्याचा असतो, त्यातलं आम्ल काही वर्षांत बाहेर येतं आणि खिडकीच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटते. जुन्या फ्रेमा उघडल्यात त्यांना ती रेघ ओळखीची असेल. ती पुसून जात नाही. आम्लमुक्त सुती बोर्ड महाग पडतो, पण लेबल दुसरं मिळत नाही.

काच वस्तूला टेकू द्यायची नाही, हेही त्यातलंच. फोटोचा जिलेटिनचा थर दमट हवेत काचेला चिकटला की सोडवताना चित्रच सुटतं. माउंटची जाडी तेवढी फट देते. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर ते हलकं आणि न फुटणारं, पण त्याला स्थिर वीज धरते, खडूच्या किंवा कोळशाच्या चित्रावरची भुकटी ओढून घेतं. अतिनील किरण अडवणारी काच घेतली की झालं, असं समजणारे पुष्कळ. साध्या उजेडानेही रंग उडतो आणि उडालेला परत येत नाही. संग्रहालयात कागदावर 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड ठेवायचा संकेत आहे, तो उगाच नाही. घरात सगळ्यांना ही चौकट खिडकीसमोरच्या भिंतीवर हवी आहे. ती बोळातल्या भिंतीवर जाणार आहे, तिथे ऊन येत नाही. यावर चर्चा संपलेली आहे, निदान माझ्या बाजूने.

संध्याकाळी मागचा कागद ताणून लावला, खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुटं, भिंत आणि चौकट यांच्यामध्ये हवा खेळती राहायला. मागे पेन्सिलीने लिहिलं: आत काय आहे, कशाने धरलंय, कुठला कागद, कुठली खळ. पुढे कुणी उघडलं तर त्याला अंदाजाने चाकू घालावा लागू नये.

राहिलंय ते पदक. त्याला खोलगट फ्रेम लागेल, पाठीला कापड ताणलेला बोर्ड, आणि फीत सुती दोऱ्याने टाचून. चिकटवणं नाही आणि घासून चमकवणंही नाही. कापड अजून ठरत नाही. काळं घेतलं तर फितीचा गडद निळा त्यात बुडून जातो, राखाडीवर धातू फिका वाटतो. उद्या दिवसाउजेडी दोन्ही शेजारी ठेवून बघते.