तुम्ही विचारलंत म्हणून : उरलेले साडेसत्त्याण्णव कुणाचे?

"भाभी, अडीच टक्के जकात काढली की उरलेले साडेसत्त्याण्णव तर तुमचेच ना? मग वर्षभर एवढा हिशोब कशाला?" उन्हाळ्यात चटणी करून घ्यायला येणाऱ्या बायका हे विचारतात, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. कोल्हापूरच्या गुजरीत ज्यांच्याकडे मी दरवर्षी दागिने वजन करायला नेते, त्या सराफांनीही विचारलंय. उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते. ही जकात नाक्यावरची नव्हे; ठरावीक मर्यादेइतका माल असलेल्या मुसलमानानं दरवर्षी गरजूंसाठी काढायचाच असा हिस्सा.

ते साडेसत्त्याण्णवही माझे नाहीत, असं मी मानते. अडीच टक्क्यांचा दर आणि त्याचे हक्कदार अल्लाहनं आधीच ठरवून दिलेत, इतकाच फरक. बाकीचं कसं वापरायचं ते माझ्यावर सोपवलंय. भिशीचे पैसे माझ्या कपाटात असतात, किल्ली माझ्या कमरेला असते, तरी त्यातून मी स्वतःसाठी पातळ आणलं तर तुम्ही मला सोडाल का? कपाटातल्या बाकीच्या पैशांकडेही मी तसंच बघते. कुरआनात सूरह हदीद या अध्यायाच्या सातव्या आयतीत हेच आहे: ज्या मालावर त्यानं तुम्हाला कारभारी केलंय, त्यातून खर्च करा. कारभारी म्हटलं की मालक दुसरा कुणीतरी आला.

यावर लगेच येतं, "पण कष्ट तर तुमचेच?" हो, कष्ट माझे. मिरचीच्या खाटानं डोळे लाल होतात, हात रात्रभर जळतात. पण गडहिंग्लजच्या रानात ती मिरची मी उगवली नाही, तिच्यावर पाऊस मी पाडला नाही, आणि हे हात चालते ठेवणंही माझ्या हातात नाही. कुरआनातला कारून अफाट श्रीमंत होता. हे मला माझ्या ज्ञानामुळे मिळालं, असं तो म्हणाला आणि घरादारासकट जमिनीत गडप झाला. त्याचा गुन्हा श्रीमंतीचा नव्हता. श्रीमंत असणं आमच्यात पाप नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या.

आता हिशोब कसा होतो ते सांगते, कारण त्यातच सगळी मेख आहे. जकात लागू होण्याची सोन्याची मर्यादा साडेसात तोळे, चांदीची साडेबावन्न. हा तोळा जुना, 11.66 ग्रॅमचा, आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे. म्हणून सोनं धरायचं 87.48 ग्रॅम आणि चांदी 612.36. नुसतं सोनंच असेल तर पहिली मर्यादा. पण माझ्याकडे सोन्याबरोबर रोख आहे, माल आहे. तेव्हा आमच्या हनफी पद्धतीनं, म्हणजे आम्ही मानतो त्या धर्मशास्त्राच्या परंपरेनं, सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या मर्यादेशी ताडायची. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, ती वजा करून निव्वळ सोन्याचा अंदाज सराफाकडून घ्यायचा. अंगावर रोज घालते त्या दागिन्यांवरही आमच्यात जकात आहे. शाफई परंपरेचे लोक, म्हणजे आपले बरेचसे कोकणी मुसलमान, वापरातल्या दागिन्यांवर धरत नाहीत.

मग धंदा. पोत्यातली ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, भरून ठेवलेली चटणी, सगळं त्या दिवशीच्या भावानं. येणारी उधारी मिळवायची, देणं वजा करायचं. कांडपाचं यंत्र, पातेली, राहतं घर, स्कूटर यांवर जकात नाही. ती कमाईची आणि जगण्याची साधनं. जी बेरीज येईल तिचा चाळिसावा भाग, लाखाला अडीच हजार.

जकातीचं वर्ष चांद्र असतं, सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तारीख दरवर्षी अलीकडे सरकते. माझी तारीख रमजानातली, आणि गेली काही वर्षं रमजान मिरचीच्या हंगामाच्या आसपास येतोय. नेमकी पोती भरलेली असताना हिशोब. "मग दोन महिने पुढं ढकला की," असं सुचवणारे असतात. वर्ष भरायच्या आत सोनं नवऱ्याच्या नावावर करायचं आणि नंतर परत घ्यायचं, अशी युक्तीही मला कुणी सांगितली होती. कागदावर ती बसेलही. पण ज्याला हिशोब द्यायचा त्याला माझा हेतू आधीच ठाऊक आहे, मग मी फसवणार कुणाला?

साडेसत्त्याण्णवांचं उत्तर खरं तर एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात आहे. कयामतच्या, म्हणजे शेवटच्या निवाड्याच्या दिवशी माणसाला काही प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय पाऊल हलवता येणार नाही. आयुष्य कशात घालवलंस, तारुण्य कशात, जे शिकलास त्याचं काय केलंस. या प्रत्येकाबद्दल एकेक प्रश्न. मालाबद्दल मात्र दोन: कुठून मिळवलास आणि कशावर खर्च केलास. जकात भरली का, एवढ्यावर ते थांबत नाही.

या दोनांतला पहिला प्रश्न, कुठून मिळवलास, मला जास्त भिववतो. पैगंबर मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. ते म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नाही. मिरचीच्या धंद्यात हे रोजचं आहे. मिरचीवर पाणी मारलं की वजन वाढतं, देठासकट कांडलं की चटणी जास्त भरते. तसं मिळवलेल्या पैशातून अडीच टक्के काढले म्हणून तो पैसा शुद्ध होत नाही. म्हणून लक्ष्मीपुरीतून माल आला की मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते, आणि माझ्या गिऱ्हाइकानंही तसाच घालावा असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि इथं शेजारी येतात. "तुमची जकात फक्त मुसलमानांनाच ना?" असंही मला विचारतात, थोडं अडखळत. हो, बहुतेक आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं मत तसंच आहे. पण सदका, म्हणजे आपखुशीचं दान, कुणालाही देता येतो, आणि शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा मोमिन, म्हणजे खरा श्रद्धावान नव्हे, या हदीसमध्ये शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, चिखली-आंबेवाडी रिकामी झाली, तेव्हा जकातीचा महिना केव्हाच उलटून गेला होता. उरलेलं सगळं माझंच असतं, तर त्या लोकांचा माझ्यावर काही हक्कच नव्हता. 2020च्या रमजानात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं 36 लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. त्या खाटेवर कोण झोपणार हे देणाऱ्यांनी विचारलं नाही.

पुरानंतर काही बायकांकडची माझी उधारी थकली. तेव्हा सूरह बकरहचं एक पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. 280वी आयत सांगते, देणेकरी अडचणीत असेल तर मुदत द्या, सोडून दिलंत तर उत्तम. 282वी ही कुरआनातली सगळ्यात लांब आयत. ती नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहायचा कंटाळा करू नका, हे सांगणारी आहे. या दोघींच्या मध्ये 281वी: त्या दिवसाला भ्या, ज्या दिवशी तुम्ही अल्लाहकडे परत जाल आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचं पुरेपूर मिळेल. सवलत आणि वही यांच्या मधोमध तो दिवस आहे. माझी उधारीची वही तेव्हापासून दोघींच्या सहीनं चालते, आणि जिला खरंच जमत नाही तिच्या नावापुढं मी रेघ मारते. कुणाच्या, ते सांगणार नाही. केलेलं बोलून दाखवलं की ते वाया जातं.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. "घरचा कर्ता तो, मग जकात तुम्ही का काढता?" कारण सोनं माझं आहे, लग्नात नवऱ्याकडून मिळालेला महर माझा आहे, चटणीचा पैसा माझा आहे. इस्लाममध्ये बायकोच्या मालावर नवऱ्याचा हक्क नाही, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही त्याच्यावर नाही. कुणी कुणाचं ओझं उचलणार नाही, हे कुरआन अनेक ठिकाणी सांगतो. माझ्या सांगण्यावरून ते माझी जकात पोहोचवून येऊ शकतात, पण त्या दिवशी माझ्या जागी उभे राहू शकत नाहीत. थोरलीच्या लग्नात तिला ठुशी आणि पाटल्या दिल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या यादीतून गेल्या. "अम्मी, तूच धर ना तुझ्यात," म्हणाली. मी नाही म्हटलं. तिची तारीख वेगळी, तिचं देणं वेगळं, आणि तिचा हिशोब तिनंच मांडायचा.