इंजिन उघडं असताना

गाडी बघायला जायचं, तर ती चकाचक पॉलिश मारून दोरीच्या पलीकडे उभी असताना जाऊ नये. तिची टाकी उतरवलेली असावी, सिलिंडर हेड बाजूला फडक्यावर ठेवलेलं असावं आणि कुणीतरी "दहाचा दे रे, दहाचा!" म्हणून ओरडत असावं. गाडी खरी दिसते ती तेव्हा. आमच्या ग्रुपवरचे व्हिंटेजवाले यावरून मला वेड्यात काढतात. काढू देत. त्यांच्या गाड्या वर्षातून एकदा टेम्पोत बसून रॅलीला जातात आणि टेम्पोतच बसून परत येतात.

यात माझ्या पोटापाण्याचाही भाग आहे. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज, म्हणजे बोअर (भोकाचा आतला व्यास) मोजायचं यंत्र. जॉब पास की रिजेक्ट, एवढंच बघायचं. असं वीसेक वर्षं केल्यावर माणसाला रंग आणि स्टिकर दिसेनासे होतात, फिटिंग तेवढं दिसतं.

वेड लावलं दादाने. दादा आरएक्स १०० घेऊन डर्ट ट्रॅकला उतरायचा. नाशिकला या प्रकाराची जुनी हौस आहे. मैदानात मातीचे उंचवटे उभे करायचे, धूळ बसावी म्हणून सकाळीच टँकरने पाणी मारायचं आणि दुपारी उन्हात गाव जमवायचं. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या निमित्ताने चारचाकीवालेही इकडच्या कच्च्या रस्त्यांवर येऊन गेले, पण आमच्या घरी प्रेम टू-स्ट्रोकवरच. आरएक्स १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी आणि ११ हॉर्सपॉवर. आज हा आकडा ऐकून कॉलेजातली पोरं हसतात. हसणाऱ्याला दादा मागच्या सीटवर बसवून पाथर्डी फाट्यापर्यंत नेऊन आणायचा, मग तो हसायचा नाही.

माझं काम प्लग बघण्याचं. फेरी मारून आला की इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, प्लग काढायचा आणि रंग बघायचा. बिस्किटाचा रंग असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय, जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) मोठा घाला. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय. आईला वाटायचं भावाबरोबर जाते, बरं आहे, तो तरी नीट घरी येईल.

पुढे दादाचं लग्न झालं, गाडी गच्चीखाली गेली, आणि रेसला जाणारी घरात मी एकटी उरले.

इतकी ठिकाणं बघितली तरी मन रमतं ते चेन्नईलाच. शहरापासून बंगळुरूच्या रस्त्याने निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं, १९९० पासून चालू. त्याआधी तिथले लोक शोलावरमच्या जुन्या विमानधावपट्टीवर शर्यती लावायचे. वळणांना नावं नाहीत, सी-वन, सी-टू असे नंबर आहेत. सी-वन म्हणजे सरळ रस्ता संपतो तिथलं वेगाचं उजवं वळण. तिथे कोण किती उशिरा गॅस सोडतो, त्यावर माणसाची किंमत ठरते. मी मात्र तिथे फार वेळ उभी राहत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेरीला पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमचे लोक गाड्या खोलून बसतात त्या आवारात, मोकळं फिरता येतं, आणि माझी रेस तिथेच चालू असते.

पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, कोणाबरोबर आलात? रायडरची आई का, बहीण का? कुणाचीच नाही म्हटल्यावर एका टीमच्या पोरांनी मला खुर्ची दिली आणि पुढे दोन दिवस "अक्का" म्हणून हाक मारली. त्यांच्यातला एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा खाली बसून बोल्टला तार बांधत होता. लॉकवायर म्हणतात त्याला. ऑइल ड्रेनच्या बोल्टच्या डोक्यातून आरपार बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टीलची तार ओवायची आणि दोन्ही पदर पक्कडीने पीळ देत जवळच्या पक्क्या जागेपर्यंत न्यायचे. तार ओढली पाहिजे बोल्ट आवळण्याच्या दिशेने. म्हणजे हादऱ्याने बोल्ट सैल व्हायला गेला की तारच त्याला धरून ठेवते. उलट्या बाजूने बांधली तर ती फक्त दागिना. रेसच्या गाडीत हे सक्तीचं आहे, कारण एकाचं ऑइल ट्रॅकवर सांडलं तर मागचे दहा जण पडतात. त्या पोराने एक तार पूर्ण बांधली, बोटाने पीळ मोजल्यासारखा केला, आणि न बोलता कापून टाकली. पुन्हा नवी तार घेतली. का, म्हणून मी खुणेनेच विचारलं. त्याने टोक दाखवलं. पीळ शेवटच्या अर्ध्या इंचात सैल होता. रायडरला ते कधीच दिसलं नसतं. आमच्या लाइनवर असा एक मुलगा मिळाला तर मी रोज त्याच्यासाठी डबा नेईन.

तिथेच मला आपल्या नाशिकच्या जेटिंगचा हिशेब नीट समजला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर वर. इथली हवा पातळ, म्हणून कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी चालतं. तीच गाडी चेन्नईला समुद्राच्या पातळीवर नेली की हवा दाट मिळते आणि पेट्रोल तेवढंच राहतं. प्लग पांढरा पडतो, पिस्टन तापतो, आणि सरळ रस्त्यावर भर वेगात इंजिन जाम होतं. म्हणून जुने टू-स्ट्रोकवाले खिशात जेटची डबी ठेवूनच फिरायचे. आता सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलंय, हे काम कॉम्प्युटर करतो. सोय झाली हे खरं. पण डबीतला जेट उन्हाकडे धरून भोक बघणारी माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर निम्म्या गप्पाही.

रेस संपल्यावर लोक बक्षीस समारंभाकडे पळतात. मी पळते स्क्रूटिनीकडे. पुढे आलेल्या गाड्या कुणाला हात न लावू देता बाजूला ठेवतात आणि तक्रार असेल किंवा शंका असेल तर इंजिन उघडून मोजतात. व्हर्नियर, बोअर गेज, सगळी माझीच भांडी! एकदा अधिकाऱ्याने गेज लावायच्या आधी सिलिंडर कापडाने पुसला आणि मिनिटभर गार होऊ दिला, ते बघून मला इतकं बरं वाटलं की विजेत्याचं नावही विचारायचं राहिलं. गरम सिलिंडर मोजून जॉब पास करणारे महाभाग मी रोज बघते.

टीव्हीएसची फॅक्टरी टीम १९८२ पासून आहे, त्यांचा पसारा बघण्यासारखाच. पण पॅडॉकमध्ये माझे पाय चिकटले ते होंडाच्या एनएसएफ २५० आरपाशी. ही गाडी रस्त्यासाठी बनतच नाही. दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेटची जागा नाही. नवख्या पोरांच्या टॅलेंट कपसाठी ती आपल्याकडे आणली. तिचं सिलिंडर पंधरा अंश मागे कललेलं आहे आणि हेड उलटं बसवलेलं. म्हणजे हवा पुढून आत जाते आणि धूर सरळ मागून निघतो. नेहमीच्या गाडीत सायलेन्सरचा पाइप पुढून निघून इंजिनाला वळसा घालतो, तो वळसाच काढून टाकला. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) उतरवलेलं होतं म्हणून हे दिसलं. घातलेलं असतं तर मी "छान आहे हो" म्हणून पुढे गेले असते.

आता सेपांग. २०१६. त्या वर्षी मलेशियाची रेस ३० ऑक्टोबरला आली, नेमकी लक्ष्मीपूजनाला. आईने फोनवर एवढंच विचारलं, "लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी मलेशियात? बरं, बरं." त्या "बरं"चं व्याज मी अजून फेडतेय.

पण जाणं भाग होतं, कारण त्या वर्षी मोटोजीपी या जागतिक बाइक शर्यतीच्या सगळ्यात लहान गटात, मोटो-थ्रीमध्ये, महिंद्रा जिंकू लागली होती. सातपूरला ज्यांचं बालपण गेलं त्यांना महिंद्रा म्हणजे काय ते सांगायला नको. गल्लीत दर दुसऱ्या घरी कुणीतरी कंपनीत, शिफ्टच्या वेळेवर गल्लीचं घड्याळ. तेच नाव रेसच्या गाडीवर! २०११ ला ते १२५ सीसीमध्ये उतरले, २०१३ ला सेपांगलाच मिगेल ऑलिव्हेराने पहिला पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) मिळवून दिला, आणि २०१६ च्या जूनमध्ये नेदरलँड्सच्या आसनला फ्रांचेस्को बन्याया पहिली रेस जिंकला. तेव्हा बन्याया कोण, हे इथे कुणाला माहीत नव्हतं.

सेपांगचा मोठा स्टँड पिटच्या, म्हणजे टीमच्या गॅरेजांच्या, बरोबर समोर आहे. बाकीचे लोक दुर्बिणीतून रायडर शोधत होते, मी शटर वर केलेल्या पिटमध्ये डोळे लावून बसले होते. टायरवर गरम ब्लँकेट गुंडाळलेली, एक जण चेन फिरवून ताण बघतोय, दुसरा ब्रेकच्या बोल्टवर मार्करने रेघ ओढतोय. एकच सिलिंडर, २५० सीसी, बोअर नियमाप्रमाणे ८१ मिलिमीटरच्या वर जायचा नाही. एवढ्याशा इंजिनाचे पंचवीस-तीस आवाज एकदम सुटले की छातीत बारीक थरथर होते. रेसमध्ये पडापड बरीच झाली. बन्याया पुढे निघाला तो कुणाच्या हाती लागलाच नाही. दुसरा याकुब कोर्नफाइल, तिसरा बो बेंडस्नायडर. मी आणि शेजारचे दोन तमिळ मलेशियन काका असे तिघं उभे राहून ओरडत होतो. मग पाऊस आला, मोटोजीपी उशिरा सुटली, डोव्हित्सिओसो जिंकला. ते सगळं मी ओल्या चपलांनी आणि बसलेल्या आवाजाने बघितलं.

आमच्या काही मंडळींनी नंतर "भारतीय बाइकने जग जिंकलं" वगैरे फॉरवर्ड फिरवले. तर ते जरा सावकाश. नाव आणि पैसा आपला होता, गाडी घडली युरोपात, टीम स्पॅनिश. मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण क्वालिटीवाली असल्यामुळे खोटा टॅग लावलेला चालत नाही. २०१७ संपलं आणि महिंद्रा तिथून बाहेर पडली. मला खरी हळहळ वाटली ती याची, की हातात काही यायला लागलं होतं तेव्हाच सोडलं. त्या २०१६ च्या टीममध्ये बन्यायाच्या शेजारच्या पिटमध्ये कोण होता माहितीये? होर्हे मार्टिन. पुढे बन्याया २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विश्वविजेता झाला, आणि मार्टिन २०२४ चा. दोघंही महिंद्रावर घासून तयार झालेले.

आणि गंमत म्हणजे मोटोजीपी भारतात आली ती एकदाच, सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, तर दुसऱ्या नंबरासाठी भांडत होते हेच दोघं. बन्याया घसरून बाहेर. मार्टिन दुसरा आला, पण उन्हाने इतका कोरडा पडला की रेसनंतर त्याला धड उभंही राहता येईना. उन्हामुळे फेऱ्या आधीच २१ वर आणल्या होत्या. जिंकला मार्को बेत्सेक्की. तिकडची व्यवस्था, पाणी, पार्किंग यावर लोक भरपूर लिहून गेलेत, मी भर घालत नाही. पॅडॉक आमच्यासारख्यांना बंद होता, त्यामुळे मला सांगण्यासारखं फार काही मिळालंच नाही. २०२४ ला रेस झाली नाही. विषय संपला.

जुन्या गाड्यांचं थोडं राहिलं. एनफिल्डची डिझेलवाली टॉरस मी चालू स्थितीत बघितली आहे. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, स्टँडवर उभी असली तरी हळूहळू सरकत जाते. फ्युरी १७५ बघितली, जिला त्या काळात पुढे डिस्क ब्रेक होता आणि तो दुरुस्त करणारा गावात कुणी नव्हता. पण मला हवी आहे ती राजदूत ३५०. आरडी. यामाहाचं दोन सिलिंडरचं इंजिन, सहा गिअर, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवली. पेट्रोल पिणारी आणि पार्ट महाग असलेली गाडी मायलेज विचारणाऱ्या देशात आणली, मग खपणार कशी? सुरुवातीची एचटी (हाय टॉर्क) साडेतीस हॉर्सपॉवरची, नंतरची एलटी (लो टॉर्क) २७ ची. मालक मात्र सगळे एचटीचेच भेटतात, एलटी बहुतेक कुणी विकत घेतलीच नसावी.

निफाडकडे एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये एक आहे, ही बातमी दादाने आणली. क्रेटच्या थप्पीमागे उभी, टाकीवर औषध फवारणीचे निळे डाग. काका म्हणाले, "एचटी आहे ताई, एक नंबर कंडिशन, इंजिन उघडलेलंच नाही." मी म्हटलं, मग उघडू या. काकांना वाटलं चेष्टा करतेय. दादाने हेड काढलं, मी पिशवीतून बोअर गेज काढला. कंपनीचा बोअर ६४ मिलिमीटर. इथे डाव्या सिलिंडरला ६५ भरला आणि उजव्याला त्याहून दोन शतांश जास्त. म्हणजे न उघडलेलं इंजिन ओव्हरसाइजच्या (झिजलेलं सिलिंडर घासून मोठा पिस्टन घालायच्या) शेवटच्या पायरीपर्यंत घासून झालेलं. पुढच्या वेळी स्लीव्हच, म्हणजे सिलिंडरला आतून नवं अस्तर, घालावी लागणार.

काका बराच वेळ गेजच्या काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे यंत्र खोटंही असू शकतं ना?" मी म्हटलं, असू शकतं, म्हणूनच कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आणलंय. काकूंनी चहा टाकला. किमतीचे पंधरा हजार कमी झाले, माझ्या मते अजून वीस व्हायला हवेत, आणि दादा मधल्यामध्ये "घेऊन टाक गं" म्हणून कोपर मारतोय. छाटणी उरकली की काका बोलवणार आहेत. तोवर स्लीव्हचा भाव काढून ठेवते.